बंद दाराआडचें जागरण

नारायण पेठेंतील आमच्या परिचयाच्या एका घरीं गेलें वर्षभर पाहुण्यांस दारावरूनच परत पाठविलें जाई. मुलगा चोवीस वर्षांचा, चांगला शिकलेला. "त्याला पित्ताचा त्रास आहे," असें आई सांगत. खरा त्रास दारूचा होता. रात्रीं कडी वाजेपर्यंत आई जाग्या. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या उशाखालीं. वडील मुलाची उधारी गुपचूप फेडीत, आणि कचेरींत त्याच्या आजारपणाच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हातानें लिहून पाठवीत. पुढें पुढें "तुमचा धाक नव्हता" आणि "तुझे लाड नडले" एवढाच काय तो पतिपत्नींचा संवाद उरला.

याच पेठेंतील केसरीवाड्यांत राहणाऱ्या लोकमान्यांनीं १९०८ सालीं दारूबंदीची चळवळ उचलून धरली, तेव्हां पुण्यांतील स्वयंसेवक गुत्त्यांपुढें उघडपणें उभे राहिले. गुत्त्यावरच्या दारूशीं लढणें आपणांस जमलें; घरांत शिरलेल्या दारूवर मात्र आपण अब्रूसाठीं पडदा टाकतों. या पडद्याआड व्यसन निर्धास्तपणें वाढतें, आणि आईबाप झिजतात.

व्यसन हा आजार आहे, आणि तो साऱ्या घरास ग्रासतो, ही दृष्टि आतां नवी नाहीं. १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट यांनीं पुण्यांत 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति-केंद्र सुरू केलें; पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचें साहाय्य त्यास लाभलें. अमेरिकेंत १९५१ सालीं मद्यपींच्या आप्तांसाठीं 'अल-अ‍ॅनॉन' ही स्वतंत्र संस्था निघाली. तिच्या सभा आपल्याकडेही भरतात. तेथें आईबापांस प्रथम हेंच उमजतें कीं, हें व्यसन आपण लावलें नाहीं, आणि केवळ आपल्या रडण्यानें वा रागावण्यानें तें सुटणारही नाहीं.

मग करावें काय? मुलगा शुद्धीवर असतांना, थोडक्या शब्दांत बोलावें. त्याची उधारी फेडूं नये, त्याच्यासाठीं खोटें बोलूं नये. जेवण व माया मात्र तोडूं नये. त्यास खोलींत कोंडून दारू एकाएकीं बंद करणें धोक्याचें आहे. रोज फार पिणाऱ्यास त्यामुळें झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणही जातो. हें काम डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावें. आणि मुलगा येण्यास तयार नसला, तरी आईबापांनीं आपल्यापुरता सल्ला घ्यावयास जावें.

वरील दांपत्य असेंच मुलावांचून गेलें. मुलगा अद्याप बरा झालेला नाहीं. मध्यें दोन महिने सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली. परंतु परवां आम्ही गेलों, तेव्हां दार पूर्ण उघडलें गेलें. चहाचा कप पुढें ठेवीत आई शांतपणें म्हणाल्या, "तो आजारी आहे. दारूचा आजार आहे." एवढीं दोन वाक्यें उच्चारण्यास त्या घराला वर्ष लागलें. त्या रात्रीं, कडी वाजण्यापूर्वींच, आपणांस झोप लागली, असें त्यांनीं मागाहून कळविलें.