मराठी घेऊन काय करशीन?

‘मराठी कायले घेतली बे? पुढं काय करशीन?’

पातूर-अकोला एसटीत मागच्या सीटवर हा प्रश्न ऐकला. बी.ए.चा तो पोरगा म्हणाला, ‘मास्तर होईन.’ सगळे हसले. का हसले, हे आपल्याला माहीत आहे. बी.एड.ची दोन वर्षं, मग टीईटी, मग ‘पवित्र’ पोर्टलकडे डोळे लावून बसणं. पण मित्रांनो, त्या पोराला दुसरा एक रस्ता कुणी दाखवलाच नव्हता.

२०२० मध्ये राज्याने कायदा केला. बोर्ड कोणतंही असो, महाराष्ट्रातल्या शाळेत पहिली ते दहावी मराठी शिकवलीच पाहिजे. सीबीएसई असो की आयबी, सुटका नाही. न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या इंटरनॅशनल शाळेलाही मराठीचा शिक्षक लागतोच.

तिथलं काम मात्र ‘धडा वाचा, प्रश्नोत्तरं लिहा’ असं नसतं. समोरच्या पोराच्या घरी तमिळ किंवा गुजराती, शाळेत इंग्रजी आणि मराठी फक्त सोसायटीच्या वॉचमनशी. त्याला व्याकरणाआधी बोलायला लावावं लागतं. भाजीवाल्याशी घासाघीस, आजीला फोन, बसचं तिकीट, इथून सुरुवात.

त्यात मेंटॉरची जबाबदारीही येते. १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या आयबीच्या डिप्लोमात विद्यार्थ्याला चार हजार शब्दांचा शोधनिबंध लिहावा लागतो आणि त्याच्यामागे एक मार्गदर्शक शिक्षक असतो. तो उत्तर सांगत नाही, ‘तुला नेमकं काय शोधायचंय?’ हे विचारत राहतो. पोरगं खचलं तर ते आधी ओळखणाराही बऱ्याचदा तोच.

माझं म्हणणं असं की हे काम आपल्याकडच्या पोरांना चांगलं जमू शकतं. आपण घरी वऱ्हाडी बोललो. शाळेत गेल्यावर ‘मले’चं ‘मला’ करायला शिकलो आणि कॉलेजात इंग्रजीशी झगडलो. एका भाषेतून दुसरीत जाताना जीभ कुठे अडते, लाज कुठे वाटते, हे आपण भोगलंय. तीन भाषांत अडकलेलं पोरगं अशा शिक्षकालाच लवकर कळेल.

आणि बोलीची लाज कशाची? मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपुरात घडलं. मुलाखतीत प्रमाण मराठी बोला, जरूर बोला. पण वऱ्हाडी खोडून टाकू नका, ती तुमची जादा भाषा आहे.

आता कडू गोष्टी. स्टाफरूम इंग्रजीत चालते, ईमेल इंग्रजीत जातात, पालकसभाही इंग्रजीत. ती भाषा कमवावीच लागेल. नोकरी खासगी, बऱ्याचदा करारावर. शिवाय नुसत्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेल्या शाळा खूप आहेत. संलग्नता कोणत्या बोर्डाची, हे तपासूनच अर्ज करा. आणि शाळांनाही एक सांगणं आहे: मराठीचा तास दंड टाळण्यापुरता ठेवला, तर शिक्षकही तसाच मिळेल.

कुणी म्हणेल, सगळे पुण्याला गेले तर पातूरच्या पोरांना कोण शिकवणार? प्रश्न खरा आहे. त्याचं एक उत्तर सोलापूर जिल्ह्यात आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून दिली. पुस्तकात क्यूआर कोड आणणं आणि मुलांच्या घरच्या भाषेत धडे पोहोचवणं, हे त्यांचं काम होतं. म्हणजे शाळा ‘इंटरनॅशनल’ पाटीने होत नाही, मास्तरने होते. ते पुण्यात होईल, पातुरातही होईल.

त्यामुळे एसटीतल्या त्या दोस्ता, पुढच्या वेळी ‘मास्तर होईन’ म्हणशीन तेव्हा हसू नको. ताठ मानेनं सांग.