अळिंबी ताटात असू द्या, गोळी सोडू नका

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला आमच्या एक काकू जरा उत्साहातच आल्या. पर्समधून बाटली काढून म्हणाल्या, "अगं, ही मशरूमची कॅप्सूल. रक्तवाहिन्या साफ होतात म्हणे! मी तर कोलेस्टेरॉलची गोळी बंदच करून टाकली."

काकूंची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. माझ्या पोटात धस्स झालं.

मैत्रिणींनो, मशरूम, म्हणजे आपली अळिंबी, गुणाचीच आहे. तिच्यात कोलेस्टेरॉल नसतं, तंतुमय पदार्थ असतात. मटणाऐवजी अधूनमधून कमी तेलातली धिंगरीची भाजी केली, तर चांगलंच. पण भाजी वेगळी आणि औषध वेगळं.

गंमत म्हणजे काकूंनी सोडलेल्या स्टॅटिनच्या गोळीचं मूळही बुरशीतच आहे! जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७१ पासून हजारो बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये तांदळावरच्या एका बुरशीत त्यांना यकृतातलं कोलेस्टेरॉल बनणं रोखणारा पदार्थ सापडला. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन या पहिल्या गोळीला परवानगी मिळाली, तीही बुरशीपासूनच काढलेली. धिंगरीतही त्याचा थोडा अंश आढळतो. मग कॅप्सूलने काय बिघडलं? बिघडतं ते असं, की तिच्यात कशाचा किती अंश आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. स्टॅटिनच्या गोळीचं प्रमाण ठरलेलं असतं आणि ती हजारो रुग्णांवर तपासलेली असते.

काकूंच्या बाटलीवर 'रिशी' लिहिलं होतं. या मशरूमवरच्या पाच चाचण्या, एकूण ३९८ माणसांच्या, कोक्रेन संस्थेने २०१५ मध्ये एकत्र पाहिल्या. त्यातले बहुतेक मधुमेही होते. कोलेस्टेरॉल कमी झाल्याचा पुरावा काही मिळाला नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रिशी घेतली, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अँजिओप्लास्टीनंतर अशा गोळ्या चालू असतातच!

दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं, तर वाईट कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं. तेव्हा कुठे काकू खरं बोलल्या. गोळीने पोटऱ्या दुखायच्या. "पण डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा? आणि घरात कुणाला सांगायचं?" डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, महिन्याने परत बोलावलं. एवढंच तर करायचं होतं!

आपण बायका दुखणं अंगावर काढतो आणि मग शेजारणीने दिलेल्या बाटलीवर विश्वास ठेवतो. तेव्हा आज एक करा. आई, सासूबाई, शेजारच्या काकू, ज्यांना रोजची गोळी आहे, त्यांना जवळ बसून विचारा, "गोळी घेता ना? काही त्रास होतो का?" त्रास असेल, तर डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि रात्री खुशाल धिंगरीची भाजी करा. गोळी मात्र चुकवू नका.