तुटलेल्या फ्रेमचा निवाडा एकट्या कंपनीने का करावा?

सायकलच्या फ्रेमला वेल्डिंगजवळ तडा जातो. ग्राहक बिल घेऊन दुकानात जातो, दुकानदार मोबाइलवर चार फोटो काढून कंपनीला पाठवतो आणि काही दिवसांनी उत्तर येते : चुकीच्या वापरामुळे नुकसान, वॉरंटीत बसत नाही. फ्रेम कोणी तपासली, तपासताना काय दिसले, याबद्दल अवाक्षर नसते. वस्तू बनवणारा, तिची तपासणी करणारा आणि निकाल देणारा एकच असेल, तर वॉरंटी कार्डावर पाच वर्षे लिहा नाहीतर आजीवन लिहा, ग्राहकाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून दावा नाकारायचा असेल, तर नकाराचे कारण पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी कंपनीवरच असली पाहिजे.

ही मागणी अवाजवी नाही, कारण पुरावा त्या तुटलेल्या नळीतच असतो. सायकल समोरून जोरात आदळली की हँडलखालच्या हेड ट्यूबच्या मागे, डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला बहुधा फुगवटा येतो, रंगाला सुरकुत्या पडतात. धातू थकून गेलेला तडा वेगळा दिसतो. तो वेल्डिंगच्या कडेपासून सुरू होऊन हळूहळू सरकतो, तुटलेल्या पृष्ठभागावर वाळूवरच्या लाटांच्या खुणांसारख्या वक्र रेषा सोडतो आणि शेवटी उरलेला भाग एकदम खडबडीत तुटतो. जाणकाराने भिंगातून पाहिले, तरी या दोहोंतला फरक बहुतेक वेळा ओळखता येतो. मग तो लिहून द्यायला अडचण कसली? शिवाय जुन्या लोखंडी सायकलीची नळी कोपऱ्यावरच्या गॅस वेल्डिंगवाल्याकडे जोडून घेता यायची. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम तशी जोडली, तर उष्णतेने सांध्याजवळचा धातू मऊ पडतो आणि पुन्हा उष्णता-प्रक्रिया केल्याशिवाय पूर्वीची ताकद येत नाही. म्हणजे दावा फेटाळला की बहुतेकांची फ्रेम भंगारातच जाते.

लोक सायकल आपटतात आणि वॉरंटी मागतात, हा कंपन्यांचा आक्षेप खोटा नाही. सीट पोस्टवरची किमान खूण दिसेपर्यंत तो वर ओढून चालवणारेही आहेत आणि त्यामुळे सीट ट्यूब फाटते. पण अशा गैरवापराच्या खुणाही फ्रेमवरच असतात. त्या दाखवून दावा फेटाळावा, कोणाची हरकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अ‍ॅल्युमिनियम कधी ना कधी थकणारच, तो उत्पादनातला दोष कसा? खरे आहे. पण फ्रेमसाठीच्या आयएसओ 4210 या मानकात पेडलच्या दाबाची चाचणीच एक लाख आवर्तनांची आहे. म्हणजे थकवा हा धातूचा अनपेक्षित अवगुण नव्हे, फ्रेमची रचना करतानाच तो हिशेबात धरलेला असतो. दोन वर्षांच्या साध्या वापरात सांधा फाटला, तर तो हिशेब कुठे चुकला हे कंपनीनेच सांगायला हवे. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार, वस्तू हाती आल्यापासून वर्षभरात दोष दिसला तर तो सामान्यतः आधीपासूनचाच मानला जातो आणि तसे नाही हे विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. आपल्याकडेही असे गृहीतक कायद्यात यायला हवे.

तोवर आहे तो कायदा वापरावा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 नुसार जिल्हा आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराकडून घेतले जाऊ शकते आणि सामान्य ग्राहक तिथेच कचरतो, ही या तरतुदीतली मोठी उणीव आहे. मात्र पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तक्रारीला शुल्क नाही आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. फ्रेम कंपनीकडे सोपवण्यापूर्वी तड्याचे जवळून आणि बॉटम ब्रॅकेटखालच्या क्रमांकाचे फोटो काढा, फ्रेम दिल्याची पोच घ्या. नकार मिळाला, तर तो कारणांसह लेखी मागा आणि फ्रेम परत घ्या. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती दुकानाच्या चकरा मारण्यात संपू देऊ नका.