महाडची पूररेषा आणि गरिबांचे घर

रायगडाच्या वाटेवरील नाते हे सी. डी. देशमुख यांचे जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले देशमुख पुढे नियोजन आयोगाचेही सदस्य होते. त्याच नात्याशेजारी असलेल्या महाड शहरापुढे आज नियोजनाचाच प्रश्न उभा आहे.

महाड सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसले आहे. जुलै २०२१ मध्ये शहर पाण्याखाली गेले आणि त्याच पावसात तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जण मृत्युमुखी पडले. २००५ साली जुई व दासगाव येथेही दरडींनी असाच घात केला होता.

राज्याच्या नियमांनुसार पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने दाखवितात. निळ्या रेषेच्या आत सर्वसाधारणपणे नव्या बांधकामास मनाई असते. दोन्ही रेषांमधील जागेत जोते उंच घेऊन बांधता येते. हे बंधन आवश्यकच आहे. परंतु नदीकाठ वर्ज्य ठरला की सुरक्षित जमीन महाग होते आणि औद्योगिक वसाहतीतील कामगार, भाडेकरू यांना स्वस्त जागेसाठी डोंगराच्या पायथ्याकडे वळावे लागते. पुरातून सुटलेला माणूस दरडीखाली जाणार असेल, तर त्याला नियोजन कसे म्हणावे?

म्हणून विकास आराखड्यात पूररेषेबरोबरच दरडप्रवण उतारही दाखवावेत आणि परवडणाऱ्या घरांसाठी सुरक्षित जमीन राखून ठेवावी, असे आम्हांस वाटते. आराखड्यावर हरकती व सूचना नोंदविण्याचा अधिकार १९६६ च्या नगररचना कायद्याने नागरिकांना दिला आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या वतीनेही आपण तो वापरला पाहिजे.