काडीवरची काळी होडी

भाद्रपदातील उघडीप होती. जसोंडीच्या एका शेताच्या कुंपणातील बाभळीची वाळकी काडी घेऊन सातवीतला एक विद्यार्थी आमच्यापुढे उभा राहिला. काडीवर तिळाहूनही बारीक काळे ठिपके होते. आम्ही चष्मा न पुसताच सांगून टाकले, "किडीची अंडी!" मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसले की "ठाऊक नाही" हे दोन शब्द ओठांवर येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. "गुरुजी, अंडी फुटली नाहीत. आणि प्रत्येकीला मधोमध चीर आहे."

आता मात्र कपाटात कुलूपबंद असलेला सूक्ष्मदर्शक काढणे भाग पडले. साध्या भिंगातून पाहतो तो काय, ठिपके कसले, मिलिमीटरभर लांबीच्या इवल्या होड्याच! ही लाकडावर वाढणारी बुरशी. दमट हवेत तिची चीर किंचित उघडते आणि बीजाणू बाहेर पडतात.

एक होडी पात्याने कापून पाण्याच्या थेंबात ठेवली, वर पातळ काच ठेवून हलकेच दाबली आणि चारशेपट मोठी करून पाहिली. लांबट पारदर्शक पिशव्या दिसल्या. प्रत्येकीत आठ बीजाणू. खरी ओळख येथेच पटते, कारण बाहेरून या होड्या एकमेकींसारख्याच. बीजाणू तपकिरी व त्यांत तीन किंवा अधिक आडवे पडदे असतील, तर ती हिस्टेरियम. आडव्यांबरोबर उभेही पडदे असून बीजाणू विटांच्या भिंतीसारखा दिसला, तर हिस्टेरोग्राफियम. एकाच पडद्याने दुभागलेला असेल, तर ग्लोनियम. आमच्या काडीवर तीन आडवे पडदे होते. तेव्हा हिस्टेरियम! पुढचे, जातीचे नाव ठरवण्यास बीजाणूंची लांबी-रुंदी मोजावी लागते. ती मोजपट्टी आमच्या यंत्रात नाही. म्हणून तेथेच थांबलो.

थांबण्यात कमीपणा नाही. पडद्यांवरून गोत्र ठरवण्याची ही रीत विद्वानांनी पिढ्यान् पिढ्या पाळली. परंतु २००९ साली डीएनएच्या अभ्यासातून दिसून आले की, सारखे पडदे असलेल्या बुरशा नेहमीच सख्ख्या नसतात. तरीही पहिली पायरी सूक्ष्मदर्शकाचीच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा वाळवलेल्या बुरशांचा संग्रह आहे. अशा संग्रहातील प्रत्येक पुडीमागे कोणीतरी वाकून उचललेली एखादी काडी असते.

त्या शनिवारी प्रार्थनेनंतर आम्ही सर्व मुलांसमोर सांगितले, "परवा आम्ही चुकीचे उत्तर दिले होते." क्षणभर शांतता पसरली. सोमवारी आमच्या टेबलावर एकवीस काड्या होत्या. सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाला तेव्हापासून कुलूप नाही.