नळ एक, पाइप दोन

परवा टीममध्ये पुन्हा तोच वाद. नवीन प्रोजेक्टला क्लाउडफॉर्मेशन की टेराफॉर्म? म्हणजे ज्याचा क्लाउड त्याचंच टूल, की सगळ्या क्लाउडना चालणारं? टेराफॉर्मवाल्यांचा हुकमी एक्का ठरलेला: उद्या क्लाउड बदलला तर कोड तसाच वापरता येईल.

नाही हो येत! शनिवार-रविवार घालवून शिकलोय हे.

मागच्या प्रोजेक्टला क्लायंटने अॅमेझॉनच्या मुंबई रीजनवरून अझुरच्या पुण्यातल्या रीजनला जायचं ठरवलं. "टेराफॉर्म आहे ना आपल्याकडे" म्हणत मॅनेजरने दोन आठवडे लिहून दिले. लागले अडीच महिने. भाषा एकच, पण शब्द प्रत्येक क्लाउडचे वेगळे. अॅमेझॉनमध्ये सबनेट एका अव्हेलेबिलिटी झोनला बांधलेलं असतं, अझुरमध्ये ते सगळ्या झोनमध्ये पसरतं. नावं बदलून भागत नाही, मांडणीच बदलते. परवानग्यांचं तर विचारूच नका.

इथे एव्हरशाईन सिटीत आमच्या टाकीत पालिकेचं पाणी येतं, कमी पडलं की टँकर. घरात नळ एकच. पण म्हणून दोन्हीकडची कटकट एक झाली का, ते आमच्या सेक्रेटरींना विचारा :)

दुसरं म्हणजे स्टेट फाईल. काय काय उभं केलंय याची नोंद क्लाउडफॉर्मेशनमध्ये अॅमेझॉनच ठेवतं, आणि अपडेट फसलं तर सहसा आपणहून मागे फिरवतं. टेराफॉर्ममध्ये ती फाईल सांभाळायची आपण. आम्ही लॉक लावायला विसरलो (आम्ही म्हणजे मीच), आणि दोघांनी एकाच वेळी अप्लाय मारलं. रात्री दोनपर्यंत एकेक रिसोर्स इंपोर्ट करत बसलो होतो.

बरं, टेराफॉर्म म्हणजे कायमचं स्वातंत्र्य, असंही नाही. ऑगस्ट 2023 मध्ये हॅशिकॉर्पने त्याचं लायसन्स बदललं, त्यातून ओपनटोफू फुटून निघालं, आणि 2025 मध्ये आयबीएमने हॅशिकॉर्पच विकत घेतली. क्लाउडच्या तावडीतून सुटायला टूलच्या तावडीत जायचं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, गुगलनेसुद्धा स्वतःचं डिप्लॉयमेंट मॅनेजर मोडीत काढून टेराफॉर्मवर चालणारं साधन दिलं. खरंय. खरोखर दोन क्लाउड असतील, किंवा क्लाउडफ्लेअर, गिटहब वगैरे एकाच जागेवरून हाताळायचं असेल, तर मीही टेराफॉर्मच घेईन. पण ते आजच्या गरजेसाठी, उद्याच्या भीतीपोटी नाही.

भीतीचं एक कारण मात्र खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत बाहेर पडायची योजना तयार ठेवायला सांगितलंय, आणि आमचे निम्मे क्लायंट फायनान्समधले. पण ती योजना म्हणजे डेटा कसा बाहेर काढायचा, किती वेळ लागेल, कोण करणार, आणि एकदा खरंच करून पाहिलं का. "आम्ही टेराफॉर्म वापरतो" हे त्यातल्या कशाचंच उत्तर नाही.

आमचा नवा प्रोजेक्ट अख्खा अॅमेझॉनवर, माणसं चार. माझं मत क्लाउडफॉर्मेशनला. सोमवारी ठरेल. हरलो, तर निदान लॉक तरी पहिल्या दिवशी लावून घेईन.