तंबूत आजीची जागा

कळमन्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. वय ७१ वर्षे, चौदा वर्षांपासूनचा मधुमेह, त्याच्या जोडीला रक्तदाब आणि दोन्ही गुडघे झिजलेले. मुलगा, सून आणि पाच व सात वर्षांची नातवंडे नाताळच्या सुट्टीत रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या परिसरात दोन रात्री तंबूत राहण्यास निघाली आहेत. पत्रातील अखेरचा मजकूर त्यांच्याच शब्दांत देतो : ‘मुलगा म्हणतो, आई चल. सून काही म्हणत नाही. मला जावेसे वाटते, पण रात्री दोनदा उठावे लागते. मी गेले तर त्यांच्या गळ्यातले लोढणे होईन का?’

या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते परस्परांत मिसळलेले आहेत. एक शरीराचा, दुसरा मानाचा. दुसऱ्या प्रश्नामुळे पुष्कळ वृद्ध माणसे पहिला प्रश्न मोकळेपणाने विचारीत नाहीत आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. कसा, ते पुढे येईलच.

प्रथम हे सांगतो की, उघड्यावर जाऊन स्वयंपाक करणे व सर्वांनी मिळून जेवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. कार्तिकातील आवळीभोजन आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी अनुभवलेले असेल. वऱ्हाड-नागपूर भागात शेतावर गोवऱ्यांचा जगरा पेटवून त्यात रोडगे भाजण्याची रीत अजूनही आहे. तंबू नवा आहे, रात्रीचा मुक्काम नवा आहे. बाकी सारे आजींना नातवापेक्षा अधिक ठाऊक आहे. तेव्हा ‘हे तुमच्या वयाचे नाही’ असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मात्र काहींनी रात्रीच्या मुक्कामाला जाऊच नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ज्यांना गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांना स्वस्थ बसले असताही धाप लागते, जे अलीकडेच पडले आहेत, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, त्यांनी. आणि विशेषेकरून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनी. अनोळखी जागा, अंधार, कापडी भिंती यांनी त्यांचा गोंधळ संध्याकाळनंतर फार वाढतो आणि असे रुग्ण रात्री उठून चालू लागतात. तलावाच्या काठी याचा अर्थ काय होतो, ते सांगावयास नको. अशा घरांनी सकाळी जावे व दिवस मावळण्यापूर्वी परत यावे. कळमन्याहून कामठी, कन्हान, मनसर या मार्गाने रामटेक पन्नासेक किलोमीटर आहे. एका दिवसाची सहल सहज होते.

आमच्या पत्रलेखिका यांपैकी कोणत्याही गटात बसत नाहीत. त्यांनी जावे, असे माझे मत आहे. परंतु काही अटींवर, आणि त्या अटी त्यांच्यासाठी कमी व मुलासाठी अधिक आहेत.

रात्री उठण्याचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर आपल्या भगिनी जो उपाय करतात तोच अधिक घातक आहे. प्रवासात लघवीला जावे लागू नये म्हणून त्या पाणी पिणेच सोडतात. सकाळी निघताना अर्धा पेला, दुपारी चहा, मग थेट रात्रीचे घोटभर. वार्धक्यात तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू, उन्हात बसणे, मुलांमागे हिंडणे. परिणाम असा की दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. मधुमेहींना याच सवयीने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही जडतो. कोणाला त्रास नको म्हणून जे केले, त्यानेच साऱ्या कुटुंबाची सहल रुग्णालयात संपते. लोढणे होण्याची भीती माणसाला खरोखरच लोढणे बनविते, ती अशी.

तेव्हा पाणी दिवसभर नेहमीप्रमाणे प्यावे; सायंकाळी सहानंतर थोडे कमी केले तरी चालेल. लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर ती सकाळीच घेतली जाते ना, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. पुरुष वाचकांनी प्रोस्टेटच्या गोळीविषयी एक लक्षात ठेवावे : ती रात्री घेतल्यावर झटकन उठून उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते. उठावे, मिनिटभर बसून राहावे, मग पाय जमिनीवर टेकवावेत. आणि अंधारात दूरच्या शौचालयापर्यंत जाण्याचा अट्टहास नको. तंबूच्या आडोशाला घडीचे कमोडचे स्टूल व झाकणाची बादली ठेवली की काम भागते. बाजारात अशी स्टुले मिळतात आणि गाडीच्या डिकीत मावतात. मुलाने ती न सांगता बरोबर घ्यावी. आईला मागावयास लावू नये. मानाचा प्रश्न म्हणतो तो हाच.

तंबूला ताण देणाऱ्या दोऱ्या संधिप्रकाशात दिसत नाहीत. प्रत्येक दोरीला पांढऱ्या फडक्याची चिंधी बांधावी. हे काम नातवंडांना द्यावे, ती आवडीने करतात आणि स्वतःही अडखळत नाहीत. आजींच्या पायांत सपाता नकोत, मागून पट्टा असलेली पादत्राणे हवीत. विजेरी उशाशी नव्हे, गळ्यात अडकविलेली. या वयात खुब्याचे हाड मोडले तर पूर्वीसारखे स्वतंत्रपणे हिंडणे अनेकांना पुन्हा लाभत नाही. एका चिंधीच्या मोलाने ते टळत असेल तर टाळावे.

आता थंडी. नागपूरची उन्हाळ्याची ख्याती एवढी मोठी आहे की येथील हिवाळ्याला कोणी गंभीरपणे घेत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. दर वर्षी एवढे होत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जाणे नवलाचे नाही, आणि पाण्याजवळ उघड्यावर तो गारठा अधिक जाणवतो. वृद्धांच्या शरीरात कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची शक्ती कमी झालेली असते. लहान मुलांची उष्णता लवकर निघून जाते. म्हणजे घरातील थोरली आणि धाकटी, दोन्ही टोके सारखीच उघडी पडतात. पांघरूण सर्वजण नेतात. अंथरुणाकडे मात्र दुर्लक्ष होते. जमीनच अंगातील ऊब ओढून घेते, म्हणून खाली जाड गादी किंवा दुहेरी घोंगडी हवी. आजींसाठी तर घडीची खाटच हवी. गुडघे झिजलेल्या माणसाला जमिनीवरून उठणे हीच परीक्षा असते, आणि खाटेवर नीट खोवलेली मच्छरदाणी असली की रात्री अंथरुणात शिरणाऱ्या मण्यारीपासूनही संरक्षण मिळते. थंडीत साप कमी फिरतात, पण कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. मण्यारीच्या दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही. पहाटे कोणाच्या पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर मंत्र-तंत्रात अथवा दोऱ्या आवळण्यात एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

याच थंडीमुळे दुसरा धोका उद्भवतो आणि त्याविषयी मी अतिशय कळकळीने लिहीत आहे. बाहेर शेकोटी विझत आली, मुले गारठली, आजींचे हातपाय गार पडले, की कोणाला तरी सुचते : निखाऱ्यांची शेगडी तंबूत आणू या. धूर तर निघत नाही, मग काय बिघडले? वाचकहो, हे कदापि करू नका. कोळशाच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक बळाने चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि झोपेतल्या माणसाला यांतील काहीच कळत नाही. मुले भराभर श्वास घेतात, म्हणून त्यांना तो आधी बाधतो. तंबूची झडप थोडी उघडी ठेवली म्हणजे झाले, हा समजही खोटा आहे. शेगडी बाहेर ठेवावी. आत गरम पाण्याच्या रबरी पिशव्या फडक्यात गुंडाळून घ्याव्यात. पण मधुमेहाने ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पिशवी पायांशी न ठेवता अंथरुणात ठेवून निजण्यापूर्वी काढून टाकावी. भाजल्याचे त्यांना कळत नाही.

रोडग्यांचा उल्लेख वर केला तो उगाच नव्हे. जगरा पेटणार, त्याचे निखारे होणार, रोडगे भाजले जाणार, वांग्याची भाजी शिजणार. घरी साडेआठाला होणारे जेवण तेथे दहापर्यंत लांबते. घड्याळाच्या सवयीने आजी आठ वाजता इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, आणि दोन तास पोटात काही नाही. घाम, थरथर, चिडचिड, बरळणे. आजूबाजूच्यांना वाटते, म्हातारी दमली आहे, झोपू द्या. झोपू देऊ नका. शुद्धीवर असतील तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी, आणि मग काही खावयास द्यावे. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. यापेक्षा सोपे म्हणजे जेवणापूर्वी घ्यावयाची मात्रा ताट समोर आल्यावरच घेणे. इन्शुलिनची वापरातील कुपी किंवा पेन सावलीत, साध्या तापमानात राहते. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नये.

कळमन्याच्या बाजारात या दिवसांत आंबिया बहराच्या संत्र्यांचे ढीग असतात, तेव्हा पिशवीभर संत्री बरोबर जाणारच. मुलांना मनसोक्त खाऊ द्यावीत. आजींनी एक खाण्यास हरकत नाही, रस मात्र नको. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी संत्र्यांतील पोटॅशियमबाबत आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. (रामटेकच्या गडावर जाणार असाल तर हीच पिशवी माकडांपासून सांभाळावी. त्यांना पथ्य नसते.)

आता मुलाला उद्देशून थोडे. आईला नेताना तिला कशासाठी नेत आहात, हे स्वतःशी स्पष्ट करा. मी पुष्कळ कुटुंबांत पाहिले आहे : ‘आई, तुम्ही बसा निवांत, मुले इथेच खेळतील’ असे म्हणून तरुण मंडळी नौकाविहाराला जातात. आजी निवांत बसलेल्या नसतात, त्या पहाऱ्यावर असतात. ज्या गुडघ्यांनी त्यांना खुर्चीतून उठण्यास दोन प्रयत्न लागतात, त्या गुडघ्यांनी पाण्याकडे धावणारे पाच वर्षांचे मूल त्यांनी कसे अडवावे? बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे हात हलवून ओरडत नाही. ते बहुधा निःशब्द बुडते आणि त्याला मिनिट-दोन मिनिटेच लागतात. तेथे काही विपरीत घडले तर ती वृद्धा उरलेले आयुष्य कोणत्या ओझ्याखाली काढील, याचा विचार करावा. म्हणून पाण्याजवळ मुले असताना एका धडधाकट प्रौढाने, भ्रमणध्वनी खिशात ठेवून, हाताच्या अंतरावर राहिलेच पाहिजे. पाळी वाटून घ्या. त्या पाळीत आजींचे नाव नसावे, आणि हे निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष ठरावे. पत्रातील सूनबाई काही म्हणत नाहीत, त्यामागेही कदाचित हीच धास्ती असेल की दोन मुलांसोबत सासूबाईंचेही सारे मलाच करावे लागणार. औषधे, स्टूल, खाट ही कामे मुलाने अंगावर घेतली, तर त्या बोलू लागतील असे मला वाटते.

मग आजींनी काय करावे? रात्री त्यांचे काम सुरू होते. रामटेकच्या उत्तरेस असलेल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, इतका त्या बाजूचा अंधार अजून शाबूत आहे. कळमन्याच्या दिव्यांत वाढलेल्या मुलांनी कृत्तिकांचा पुंजका बहुधा पाहिलेला नसतो. डिसेंबरात सायंकाळनंतर पूर्वेला मृग वर येतो. त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण आणि पाठोपाठ उगवणारा, बाण सोडणारा व्याध. ही गोष्ट सांगावयास गुडघे लागत नाहीत. हातांच्या आरामखुर्चीत बसून, कानटोपी घालून, दोन्ही बाजूंना दोन नातवंडे घोंगडीत घेऊन सांगता येते.

तारीख निवडण्याचे स्वातंत्र्य असेल तर शुक्ल चतुर्थी-पंचमीच्या सुमारास जावे. जेवण उरकेपर्यंत पायाखालचे दिसण्याइतके चांदणे मिळते आणि नऊ-दहाच्या सुमारास चंद्र मावळला की आकाश काळेभोर होते. निघण्याआधी रामटेकच्या उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता पाहून ठेवावा. औषधांची नावे, मात्रा व वेळा मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या कागदाच्या दोन प्रती कराव्यात, एक आजींच्या बटव्यात आणि एक सूनबाईंच्या पर्समध्ये. गोळ्या दोन दिवसांच्या नव्हे, चार दिवसांच्या घ्याव्यात.